दाखला देण्यापूर्वी

(भंडारा येथे शिक्षक व पालकांच्या एकत्रित मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही, शिक्षकही नाही. कला शाखेचा एक पदवीधर आणि तीस वर्षे या जिल्ह्यात बातमीदारी केलेला माणूस, एवढीच माझी ओळख. संयोजकांनी ‘शाळेतील उपद्रवी मुले’ असा विषय कळविला, तेव्हा त्यातील ‘उपद्रवी’ हा शब्द बदलून घ्यावा असे मनात आले होते. मग विचार केला, शिक्षकांच्या खोलीत हाच शब्द चालतो, पालकांच्या तोंडीही हाच असतो. तेव्हा तोच राहू द्यावा. कागद वाचणे हा माझा व्यवसाय आहे. म्हणून तत्त्वचर्चेत न शिरता एका कागदापासून आरंभ करतो.

शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख असे रकाने उतरत उतरत अखेरीस तीन रकाने येतात : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. ज्या मुलाच्या खोड्यांनी, मारामाऱ्यांनी, उलट उत्तरांनी शाळा मेटाकुटीस आली आणि ज्याचे नाव अखेर पटावरून कमी झाले, त्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे काय लिहिलेले असते? ‘चांगली’. शाळा सोडण्याचे कारण? ‘पालकांच्या विनंतीवरून’. असे दाखले मी बातमीदारीच्या निमित्ताने पाहिले आहेत. शिक्षक हे दयाबुद्धीने लिहितात, हे मला ठाऊक आहे. ‘वाईट’ लिहिले तर पुढची शाळा मुलाला दारात उभे करणार नाही. परंतु या दयेमुळेच तो मुलगा का गेला, हे शाळेच्या कोणत्याही कागदावर उरत नाही.

पालकांची विनंती कशी येते, तेही आपण जाणता. रोवणीच्या दिवसांत बापाला निरोप जातो. तो बांधीतले काम टाकून, दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येतो. हात जोडून ऐकून घेतो. घरी जाऊन पोराला झोडपतो. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणे, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक सौम्य शब्दांत सांगतात, “दुसऱ्या शाळेत त्याचं बरं होईल.” अर्जाचा मजकूर तिथेच सांगितला जातो आणि बाप खाली सही करतो.

कायदा काय म्हणतो? मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली व महाराष्ट्रानेही ती घेतली. काढून टाकण्याची मुभा मात्र कुणालाच मिळाली नाही. म्हणूनच काढून टाकले असे कुठे लिहिले जात नाही, विनंती लिहिली जाते. आठवीनंतर तर या कलमाचे छत्रही संपते. नववीत गेलेला ‘त्रासदायक’ मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतो, अंगाने वाढलेला असतो, आणि त्याचा दाखला हातात देण्यास फारसे कुणी आडवे येत नाही. पुढे तो आपल्याला कुठे भेटतो? वैनगंगेच्या काठी रेतीच्या टिप्परवर, विटाभट्टीवर, नागपूरच्या एखाद्या भोजनालयात ताटे उचलताना. काही मुले याहून अंधाऱ्या वाटेला लागतात आणि मग त्यांची नावे आमच्याकडे पोलीस ठाण्याच्या बातमीतून येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मूल उपद्रव का देते?

या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे तयार असतात. घरचे संस्कार नाहीत, बाप पितो, मोबाईलने बिघडवले. यात तथ्य असतेही. परंतु संस्कारांची उणीव हे निदान करण्यापूर्वी कान, डोळे आणि रक्त तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याचा कान वरचेवर वाहतो त्याला मागच्या बाकावर अर्धे शब्द ऐकू येतात आणि तो शेजाऱ्याला विचारीत राहतो. गुरुजींच्या लेखी तो बोलघेवडा. ज्याला फळा दिसत नाही तो वही कोरी ठेवतो. दिवसातून अनेकदा पाच-दहा सेकंद शून्यात नजर लावून बसणारे आणि हाक मारली तरी भानावर न येणारे मूल स्वप्नाळू असेलच असे नाही. अपस्माराचा एक प्रकार नेमका असाच दिसतो आणि त्यावर औषध आहे.

आपल्या पूर्व विदर्भाचे आणखी एक दुखणे आहे, सिकलसेल. या आजाराच्या मुलाला लवकर थकवा येतो, हातपाय आणि सांधे असह्य दुखतात, वारंवार घरी राहावे लागते. वर्गात तो आळशी ठरतो, चिडका ठरतो. अशा मुलाला शिक्षा म्हणून उन्हात उभे करणे किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावणे हे केवळ कठोर नव्हे, धोक्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झाले आणि श्रम झाले की या आजाराची कळ उसळते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. आपल्या वर्गातील कोणत्या मुलाजवळ तपासणीचे कार्ड आहे, एवढे तरी वर्गशिक्षकाला ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. आपले मूल घरी झाडीबोली बोलते. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही; पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ परिश्रम केले, तिचा शब्दकोश सिद्ध केला. पण पहिलीतल्या पोराला त्या कोशाचा काय उपयोग? तो उभा राहून ‘डोरा’ म्हणतो, वर्ग हसतो, कधी कधी गुरुजीही हसतात. हसणाऱ्यांमध्ये त्याच गावची, घरी तेच शब्द बोलणारी पोरे असतात, हे विशेष. यानंतर त्या मुलापुढे दोन मार्ग उरतात. एक, पुन्हा तोंड न उघडणे. दुसरा, हसणाऱ्याला मधल्या सुट्टीत बुकलणे. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला आपण मठ्ठ म्हणतो, दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला उपद्रवी. मायबोलीचा अभिमान आपण व्यासपीठावरून सांगतो. तो वर्गात ‘डोरा’ म्हणणाऱ्या पोराच्या वाट्याला किती येतो, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

काही मुलांचे दुखणे मात्र मेंदूच्या घडणीतच असते. लक्ष एका जागी न ठरणे आणि अंगात अखंड चळवळ असणे, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, हे जगभरात शंभरात साधारण पाच मुलांत आढळते. म्हणजे चाळीसांच्या वर्गात दोघे. ही काही श्रीमंतांच्या घरची हौस नव्हे. अध्ययन अक्षमता असलेले मूल बुद्धीने तल्लख असूनही अक्षरांपाशी अडखळते. ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा अनेक घरांना हे प्रथमच उमगले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांची सूची आहे. तीत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाला दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात आणि केवळ चंचलतेने गांजलेले मूल हात हलवीत परतते. कायद्यातील ही फट मला खटकते.

येथे कुणी म्हणेल, हे सारे ठीक, पण तज्ज्ञ नागपुरात बसतात, आम्ही लाखांदुरात. मान्य आहे. म्हणूनच जे लाखांदुरात होऊ शकते तेवढेच सांगतो. त्यासाठी एक वही लागते.

आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षिकेने मला अशी वही दाखविली. सहावीतला एक मुलगा रोज मारामारी करतो, अशी तक्रार होती. बाईंनी त्याच्यासाठी वहीत तीन रकाने आखले. मारामारीच्या आधी काय घडले. मुलाने नेमके काय केले. नंतर त्याला काय मिळाले. ‘तो दांडगट आहे’ असे लिहायचे नाही, ‘शेजाऱ्याची पट्टी ओढली आणि ढकलले’ असे लिहायचे. वार आणि तासिका मांडायची. तीन आठवडे त्यांनी उपदेश केला नाही, नोंदी केल्या. मग पान उलटून पाहतात तर ‘रोज’ ही तक्रारच खोटी निघाली. सोमवारी आणि गुरुवारी काही नव्हते. उरलेल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वेळी तिसरी तासिका होती, आणि त्या तासिकेत मुलांना पाळीपाळीने उभे राहून धडा वाचावा लागे. पाळी या मुलापर्यंत येण्याच्या सुमारास शेजाऱ्याची पट्टी ओढली जाई. नंतर त्याला काय मिळे? वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा. म्हणजे वाचनातून सुटका! शाळा शिक्षा समजून जे देत होती ते त्याला हवेच होते. सहावीतल्या त्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नव्हती आणि ती गोष्ट वर्गापासून लपविण्यासाठी तो रोज अपराधी ठरायला तयार होता.

बाईंनी दोन गोष्टी केल्या. त्याला सर्वांसमोर एकट्याने वाचायला उभे करणे थांबविले, तो बाईंबरोबर किंवा चौघांसह वाचू लागला. आणि मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे दुसरीच्या पुस्तकापासून आरंभ केला. भांडण झाले तर बाहेर पाठविण्याऐवजी जागा बदलून काम मात्र पुरे करून घेतले. मारामाऱ्या एका दिवसात थांबल्या नाहीत. उलट पहिल्या आठवड्यात वाढल्या, कारण जुनी युक्ती लागू पडेना तेव्हा तो ती जोराने करून पाहू लागला. बहुतेक शिक्षक नेमके इथेच धीर सोडतात. बाईंनी सोडला नाही. दिवाळीपर्यंत तो मुलगा चुकतमाकत का होईना, धडा वाचीत होता.

या पद्धतीला अमेरिकेत मोठे शास्त्रीय नाव आहे. तिथे १९९७ साली विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गैरवर्तनासाठी मुलाला वर्गापासून दूर ठेवण्याच्या ठरावीक प्रसंगी त्या वर्तनामागचे कारण अशा नोंदींतून शोधणे शाळेवर बंधनकारक झाले. तिथे हे काम करायला मानसतज्ज्ञ असतात. आपल्याकडे बाई आहेत आणि वही आहे.

आपल्या परंपरेत याचे मूळ नाही असे कुणी समजू नये. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्येला पाठ फिरवून बसले होते. विष्णुशर्म्याने शंभर अग्रहारांचे आमिष नाकारले, सहा महिन्यांची मुदत मागितली आणि व्याकरणाचा डोंगर बाजूला ठेवून गोष्टी सांगितल्या. पंचतंत्र हे मुळात न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केलेले पाठ्यपुस्तक आहे, हे आपण विसरतो. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी फजीत होतो, शांतीच्या खेळात मुले गोंगाट करतात. तो छडी मागत नाही, दुसऱ्या दिवशी गोष्ट घेऊन येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या गुरु-शिष्यांनी कोसबाडच्या टेकडीवर जे केले ते तर याही पुढचे. वारल्यांची मुले शाळेत टिकत नव्हती, कारण ती गुरांमागे जात. तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली, तिचे नाव कुरणशाळा. मुलांना पळपुटी ठरविणे त्यांनाही सोपे होते.

आता छडीविषयी. “आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो,” असे माझ्या वयाची माणसे अभिमानाने सांगतात. जे घडले ते सांगायला इथे आहेत. जे मारामुळे पाचवीतच दप्तर टाकून गेले, त्यांना अशा मेळाव्याचे निमंत्रण जात नाही. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. त्यानंतर आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. पण ‘गाढवा’ म्हणणे हेही मानसिक छळात येते, हे अजून पचलेले दिसत नाही.

मार नको, मग शिस्त कशी लावायची, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. १९६९ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात साधा खेळ करून पाहिला गेला. वर्गाचे दोन संघ, मोजके नियम, नियम मोडला की संघाच्या नावे एक खूण. कमी खुणांचा संघ जिंकतो आणि दोघांच्याही खुणा थोड्या असतील तर दोघेही जिंकतात. पुढे १९८०च्या दशकात बाल्टिमोर शहरातील पहिलीच्या वर्गांत हाच खेळ झाला आणि त्या मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला गेला. जी मुले लहानपणी आक्रमक होती त्यांच्यात पुढे अमली पदार्थांचे प्रमाण कमी आढळले. शाखेवर जाणाऱ्यांना गट आणि खेळ हे काही नवे नाही. दांडगट पोराच्या हाती गट सोपविला की तो कसा जबाबदार होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तरीही एक सांगतो, हा रामबाण समजू नका. ज्याला जोडाक्षर येत नाही त्याला वर्गनायक केल्याने ते येत नाही.

वहीने भागले नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याचे वैद्यकीय पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. त्या दिवशी ‘सर्व ठीक’ म्हणून रांग संपविण्यापेक्षा वहीतले नाव पथकापुढे ठेवावे. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शासनाची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे पालकही विचारू शकतात. डॉक्टरांनी औषध सांगितले तर घाबरू नये. सांगितले नाही तर मागू नये. आणि बाहेरची बाधा म्हणून मुलाला मांत्रिकाकडे नेणे थांबवावे. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरीही हे घडते, म्हणून स्पष्ट बोलतो.

मध्यमवर्गीय पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. ‘त्या मुलाला वर्गातून काढा’ ही मागणी बहुधा आपल्याकडून येते. आपल्या मुलाचा दात पडला, चष्मा फुटला, तर राग येणारच, आणि आपल्या मुलाला सुरक्षित वर्ग मिळाला पाहिजे हेही तितकेच खरे आहे. मारणाऱ्या मुलाला समजून घ्यायचे म्हणजे मार खाणाऱ्याने सोसायचे, असे कुणी सांगत असेल तर ते मला मान्य नाही. जागा बदलणे, मधल्या सुट्टीत एक मोठे माणूस मैदानावर असणे, दोन्ही घरांना एकाच दिवशी तीच हकिगत कळविणे, हे शाळेने केलेच पाहिजे. आपण त्याचा आग्रह धरावा. हकालपट्टीचा धरू नये. तो मुलगा गाव सोडून जात नाही. शाळा सुटताना फाटकाबाहेर उभा असतो.

माझी एकच सूचना आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याच्या एकविसाव्या कलमाने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. आपल्यापैकी अनेकजण त्या समितीवर आहेत. गणवेश आणि पोषण आहाराच्या चर्चेत एक ठराव बसवा : गावातच राहणाऱ्या मुलाचा दाखला ‘पालकांच्या विनंतीवरून’ मागितला गेला, तर त्या मुलाची सहा आठवड्यांची वही आधी समितीपुढे यावी. वही नसेल तर ती आजपासून सुरू करावी आणि दाखला तोवर थांबावा. हाच नियम आपल्या संस्थांच्या नववी-दहावीलाही लावावा. तिथे कायदा भाग पाडीत नाही, पण संस्था आपली आहे.

एका गुरुजींनी मघाशी चिठ्ठी पाठविली आहे : “दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वर निवडणुकीची आणि ऑनलाईन माहितीची कामे. वेळ कुठून आणायचा?” प्रश्न खोटा नाही. अशैक्षणिक कामांचा बोजा उतरलाच पाहिजे आणि त्यासाठी आम्ही लेखणी झिजवीत राहू. वहीपुरते सांगायचे तर मी पाहिलेल्या वहीत दिवसाला चार-पाच ओळींच्या वर नोंद नव्हती आणि बाई एका वेळी एकाच मुलाची वही ठेवीत. वर्गातल्या साऱ्या मुलांची ठेवायला निघालात तर आठवड्यात बंद पडेल. ती वही मी सोबत आणलेली नाही, तीत मुलांची नावे आहेत. रकाने तेवढे मागच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. चहाच्या वेळी ज्यांना हवे त्यांनी उतरवून घ्यावेत.